आठ महिन्यांचा सोबती

मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाबद्दल मराठीत म्हणतात, ‘आता थोड्या दिवसांचा सोबती.’ मरणाचं नाव टाळून सोबतीचं नाव घेणारा हा शब्दप्रयोग मला फार हळवा वाटतो. त्यातल्या ‘थोड्या’ला मोजमाप नाही, म्हणून आशेला टेकायला जागा आहे. त्या जागेवर दवाखान्यातला आकडा येऊन बसला की सगळं बदलतं. ‘डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत’ हे वाक्य घरात शिरलं की माणसं भिंतीवरच्या कालनिर्णयकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतात. ठरलेलं लग्न अलीकडे ओढलं जातं, दूरच्या मुलाला बोलावणं जातं, आणि आजारी माणूस प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो आकडा वाचत राहतो.

अशा एका आकड्यापुढे एक शास्त्रज्ञ कसा बसला, कसा हादरला आणि मग त्याच आकड्याला त्यानं कसं वाचलं, याची हकिकत सांगणारा एक निबंध आहे. स्टीफन जे गूल्ड हे हार्वर्ड विद्यापीठातले जीवाश्मशास्त्रज्ञ. निबंधाचं नाव ‘द मीडियन इझन्ट द मेसेज’. १९८५ साली तो ‘डिस्कव्हर’ मासिकात आला आणि पुढे १९९१च्या ‘बुली फॉर ब्रॉन्टोसॉरस’ या संग्रहात गेला. मोजक्या पानांचा मजकूर. कर्करोगावरच्या इतक्या छोट्या लेखनानं इतकं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आधी शीर्षकच पाहू. माध्यमालाच संदेश मानणारं मार्शल मॅक्लुहान यांचं सूत्र त्या काळी इंग्रजीत सर्वांच्या तोंडी होतं. गूल्ड यांनी त्यातल्या ‘मीडियम’च्या जागी ‘मीडियन’ ठेवला आणि पुढे नकार जोडला. एरवी असा श्लेष भाषांतरात मरतो. मराठीत तो जिवंत राहतो, कारण आपल्याकडेही ‘माध्यम’ आणि ‘मध्यक’ एकाच मुळाचे आहेत. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक हे तिघं एका दमात शिकवले जातात, परीक्षेपुरते पाठ होतात आणि विसरले जातात. त्यातला मधला शब्द एखाद्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होऊ शकतो, हे कोणत्याही शिक्षकानं वर्गात सांगितलेलं मला आठवत नाही. मध्यक हा संदेश नव्हे, एवढंच या निबंधाचं म्हणणं आहे. पण ते पटायला पोटातून जावं लागतं, आणि गूल्ड अक्षरशः पोटातून गेले.

जुलै १९८२मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा हा कर्करोग असल्याचं निदान झालं. आतडी, यकृत, जठर या सगळ्यांवरून आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूनं एक पातळ, ओलसर, चकचकीत पडदा पसरलेला असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ अंगावरच्या कातडीइतकं भरतं. आतडी एकमेकांवरून विनातक्रार सरकतात ती याच्या कृपेनं. या पडद्याच्या पेशी बिघडल्या की रोग एका जागी गाठ करून बसत नाही. तो वाळूसारखा सगळीकडे विखुरतो. पोटात पाणी होतं, पोट फुगतं, भूक जाते, हातपाय काडीसारखे होतात. लोक आधी गॅस समजतात, मग जलोदर समजतात, आणि खरं नाव कळेपर्यंत बरेच महिने निघून जातात. मेसोथेलिओमा मुळातच दुर्मीळ, त्यातही बहुतेकांना तो फुप्फुसाच्या आवरणात होतो. पोटात होणारा तो दुर्मिळातला दुर्मीळ.

शस्त्रक्रियेनंतर गूल्ड आपल्या डॉक्टरबाईंना विचारतात, की या रोगावरचं उत्तम शास्त्रीय लेखन कोणतं. एरवी मोकळेपणानं बोलणाऱ्या बाई या एका प्रश्नाला बगल देतात. वाचण्यासारखं खास काही नाही, असं सांगतात. निबंधातला हा प्रसंग मला सर्वांत देखणा वाटतो. गूल्ड बाईंवर रागावत नाहीत, त्यांच्या उत्तरातली करुणा ओळखतात. पण विद्वान माणसाला वाचू नको म्हणणं म्हणजे तहानलेल्याला विहीर दाखवून मागे फिरायला सांगणं. चालता येऊ लागताच ते हार्वर्डच्या काउंटवे वैद्यकीय ग्रंथालयात जातात, संगणकावर रोगाचं नाव टाकतात आणि तासाभरात त्यांच्यापुढे सगळं येऊन पडतं: रोग असाध्य, आणि निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने.

यानंतर ते सुमारे पंधरा मिनिटं सुन्न बसून राहिले. हा काळ त्यांनी निबंधात नोंदवला आहे. लेखक म्हणून गूल्ड यांची थोरवी मला इथे दिसते. पंधरा मिनिटांवर ते अश्रूंचं पान लिहीत नाहीत, आणि ती पंधरा मिनिटं लपवतही नाहीत. सुन्न होणं हा अनुभवाचा खरा भाग आहे, म्हणून तो तेवढ्याच जागेत येतो. मग डोकं चालू लागतं आणि निबंधही चालू लागतो.

आठ महिने म्हणजे नेमकं काय? बहुतेक माणसं ऐकतात, ‘मी आठ महिन्यांत मरणार.’ गूल्ड दाखवतात, की हे वाचन चुकीचं आहे, आणि ही चूक गणिताची असली तरी तिचं मूळ फार खोल, आपल्या विचार करण्याच्या सवयीत आहे. प्लेटोपासून पाश्चात्त्य मनाला ‘मधला’ आकडा खरा आणि भोवतालचा फरक म्हणजे किरकोळ गडबड असं मानायची सवय लागली, असं ते म्हणतात. सवय आपल्यालाही आहे. ‘सरासरी भारतीय’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, आणि तो भारतीय कुणालाच कधी भेटलेला नसतो.

उत्क्रांतीच्या अभ्यासकाला मात्र उलटं दिसतं. त्याच्यासाठी फरक हेच वास्तव, आणि मधला आकडा ही आपण सोयीसाठी काढलेली कल्पना. गूल्ड यांनी बहामा बेटांवरच्या ‘सेरिऑन’ नावाच्या गोगलगायींवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. एकाच जातीतल्या, एकाच किनाऱ्यावरच्या दोन शंखांमध्ये किती फरक असू शकतो, हे मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ग्रंथालयाच्या त्या खुर्चीवर त्यांनी जे केलं ते मला असं दिसतं: आयुष्यभर इतरांचे शंख मोजणाऱ्या माणसानं पहिल्यांदा स्वतःचा शंख त्या ढिगात ठेवला आणि विचारलं, यातला मी कोणता?

गणित साधं आहे. कल्पनेतले दहा रुग्ण घेऊ. ते अनुक्रमे १, २, ४, ६, ७, ९, १४, ३०, ६० आणि २०० महिने जगले. अर्धे आठ महिन्यांच्या आत गेले, अर्धे नंतर. मध्यक आठ. सरासरी काढली तर तेहतीसच्या वर जाते. आणि शेवटचा माणूस दोनशेऐवजी चारशे महिने जगला तरी मध्यक जागचा हलत नाही. त्याला त्या माणसाची खबरच नसते. आलेखावर मांडलं तर डावीकडे भिंत आहे, कारण शून्याच्या आत कुणी मरू शकत नाही, म्हणून पहिली अर्धी माणसं आठ महिन्यांत दाटीवाटीनं उभी. उजवीकडे मोकळं मैदान. दुसऱ्या अर्ध्यांची रांग त्या मैदानात लांबवर, वर्षानुवर्षं पसरू शकते. गूल्ड यांनी या उजव्या शेपटीकडे बोट दाखवलं आणि मग, पूर्ण शुद्धीवर राहून, आपण त्या शेपटीत असण्याची कारणं मोजली: वय कमी, रोग तुलनेनं लवकर सापडलेला, उपचार उत्तमातले उत्तम, जगण्याची ओढ मोठी, आणि आकडे वाचता येत असल्यामुळे हात-पाय न गाळण्याची ताकद.

मेडावार या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाचा हवाला देऊन ते याच ओघात आशावादी स्वभावाचं महत्त्व सांगतात आणि मनाचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होत असावा असा अंदाज करतात. निबंधाचा हा दुवा मला कच्चा वाटतो. आनंदी वृत्तीनं कर्करोगात आयुष्य वाढतं याला पुढच्या काळातल्या संशोधनातून भक्कम आधार मिळालेला नाही. आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘तू सकारात्मक राहा’ म्हणून रुग्णाच्याच डोक्यावर जबाबदारी टाकलेली मी जवळून पाहिली आहे. रोग वाढला की त्याला वाटतं, आपणच कुठेतरी कमी पडलो. गूल्ड यांना असं म्हणायचं नव्हतं. त्यांचा खरा मुद्दा आशेचा कमी आणि नीट वाचण्याचा जास्त आहे. तिथे ते अढळ आहेत.

निबंधातला माझा सर्वांत आवडता विचार यानंतर येतो, आणि घाईत वाचणाऱ्याच्या हातून तोच निसटतो. कोणताही आकडा विशिष्ट माणसांचा, विशिष्ट काळातला, विशिष्ट उपचारांखालचा असतो. आठ महिन्यांचा मध्यक जुन्या उपचारांतून निघाला होता. गूल्ड यांच्यावर शस्त्रक्रियेनंतर प्रायोगिक उपचार सुरू झाले होते. म्हणजे ते कदाचित जुन्या रांगेत नव्हतेच, एका नव्या रांगेच्या तोंडाशी उभे होते, आणि त्या रांगेचा मध्यक अजून कुणालाच माहीत नव्हता. १९८५मध्ये हे लिहिताना निदानाला अवघी तीन वर्षं झाली होती. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. आपण आज शेवट माहीत असताना वाचतो, म्हणून त्या पैजेतलं धाडस आपल्याला कमी जाणवतं.

ती पैज रोगाच्या बाबतीत तरी खरी ठरली. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डॉक्टरांनी पोटाच्या दुसऱ्या एका दुर्मीळ रोगात गरम केलेलं औषध थेट पोटाच्या पोकळीत फिरवून पाहिलं होतं. गूल्ड आजारी पडले तेव्हा ही कल्पना अगदी तान्ही होती. पुढे वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांच्यासारख्या शल्यविशारदांनी तिच्याभोवती एक पूर्ण शस्त्रक्रिया उभी केली. पोटाचे तेरा भाग मानतात, प्रत्येक भागातल्या रोगाला शून्य ते तीन गुण देतात, म्हणजे जास्तीत जास्त ३९. बेरजेवरून ठरतं, की आत शिरण्यात अर्थ आहे का. असेल तर रोग धरलेला पडदा सोलून काढायचा, लागेल तिथे प्लीहा, आतड्याचा तुकडा, गर्भाशय काढायचं. दहा-दहा तास हे चालतं. उरलेल्या कणांची जाडी अडीच मिलिमीटरच्या आत आणणं हे ध्येय असतं. आणि मग सिस्प्लॅटिनसारखं औषध मिसळलेलं, ४१ ते ४३ अंश सेल्सिअसचं पाणी तासभर किंवा दीड तास पोटात खेळवायचं. हायपेक हे त्याचं सुटसुटीत नाव. रुग्णांच्या तोंडी ‘गरम केमो’.

अडीच मिलिमीटरचा हट्ट का? औषध उतीत काही मिलिमीटरच शिरतं, म्हणून. शिरेतून दिलेलं औषध या पडद्यापर्यंत नीट पोचत नाही. पोटात ओतलेलं मात्र तिथेच दाट राहतं आणि रक्तात फार उतरत नाही, त्यामुळे तीव्र मात्रा देता येते. उष्णतेनं त्याची धार वाढते. म्हणजे कात्रीनं करायचं काम कात्रीनं केल्याशिवाय औषधाच्या कामाला अर्थ नाही. एकमेकांवाचून अपुऱ्या दोन उपायांची इतकी चोख सांगड वैद्यकात क्वचित दिसते.

२००९ साली वेगवेगळ्या केंद्रांतल्या, अशी शस्त्रक्रिया झालेल्या ४०५ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यक होता ५३ महिने. पाच वर्षांनी ४७ टक्के रुग्ण हयात होते. आठावरून त्रेपन्न! हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी गूल्ड यांचा निबंध पुन्हा उघडला होता. आणि त्या निबंधानंच मला आनंदात वाहून जाऊ दिलं नाही. विशिष्ट माणसं, विशिष्ट काळ, विशिष्ट उपचार, हीच कसोटी या आकड्यालाही लावायची. हे ४०५ जण इतकी मोठी शस्त्रक्रिया झेपेल म्हणून निवडलेले होते. ज्यांचा रोग फार पसरला होता, ज्यांच्यात तंतुपेशींसारखा दिसणारा आक्रमक प्रकार होता, जे अशक्त होते, त्यांतले बहुतेक टेबलापर्यंत पोचलेच नसणार. ५३ महिने हाही संदेश नव्हे. निराशेला लावलेली शिस्त आशेलाही लावायला शिकवतो, म्हणून मी या निबंधाला थोर म्हणतो.

ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांच्यासाठी शिरेतली केमोथेरपी आहे. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या जोडीला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती फुप्फुसाच्या आवरणातल्या रोगासाठी. पोटातल्या रोगाला ती उसनी मिळाली. प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीचंही तेच, तिला २०२०मध्ये मान्यता मिळाली ती थोरल्या भावंडासाठी. धाकट्याचे रुग्णच इतके थोडे, की मोठी चाचणी भरवणं कठीण. अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेवासिझुमॅब यांचा पोटाच्या रोगातला अभ्यास २०२१मध्ये आला तो वीस रुग्णांचा. त्यांतल्या ४० टक्के रुग्णांचा रोग आकसला. म्हणजे आठ माणसं. दुर्मीळ रोगात ज्ञान असं पसापसा जमतं.

आणि पाणी काढणं, दुखणं शमवणं, घरी शांतपणे राहता येईल असं करणं हाही उपचारच आहे. गूल्ड इथे काय म्हणतात ते बारकाईनं पाहावं. शांतपणे मरण स्वीकारणं म्हणजेच प्रतिष्ठेनं जाणं, अशी एक फॅशन तेव्हा पडली होती. ती त्यांना पटत नाही. त्यांच्या लेखी मरण हा शत्रू आहे आणि त्याच्याशी झुंजणाऱ्यांना दोष देऊ नये. पण स्वीकारणाऱ्यांनाही ते दोष देत नाहीत. सगळ्याला एक वेळ असते, हे ते मान्य करतात, आपली वेळ आली की शांतपणे, आपल्या पद्धतीनं सामोरं जाऊ अशी आशा धरतात. या परिच्छेदात आवाज चढलेला आहे आणि तरी फाटलेला नाही.

निबंधाचा शेवट हसरा आहे. स्कॉटलंडमध्ये सहकाऱ्यांच्या एका सभेत गूल्ड वारल्याचं जाहीर झालं होतं. एका जिवलग मित्रानं लिहिलेला त्यांचा मृत्युलेखही जवळपास त्यांच्या हाती पडणार होता. सुदैवानं त्याला शंका आली आणि त्यानं चौकशी केली. स्वतःच्या मृत्युलेखाच्या इतक्या जवळ जाऊन आल्याचा आनंद ते ज्या उमद्या मनानं सांगतात, त्यात वाचकाच्या छातीवरचा दगड उतरतो. हे हसू पंधरा मिनिटांच्या सुन्नपणानंतर कमावलेलं आहे, म्हणून खरं लागतं.

एक गोष्ट मात्र निबंधाबाहेर उभं राहून म्हणावीशी वाटते. गूल्ड यांच्याकडे हार्वर्डचं ग्रंथालय होतं, बोस्टनचे डॉक्टर होते. ते हे लपवत नाहीत, उत्तम उपचार मिळणं हे आपल्या बाजूचं कारण म्हणून स्वतःच मोजतात. आपल्याकडे परळच्या टाटा रुग्णालयात हायपेकची शस्त्रक्रिया होते, पण गडचिरोलीहून निघालेल्या माणसाला तिथवर पोचायला आधी योग्य निदान लागतं, मग पैसे, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथारी. मैदान उजवीकडे मोकळं असतं हे खरं, पण त्यात पुढे सरकायला वाट लागते. आणि ज्या तंतूंशी या रोगाचं नातं १९६०मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या परिसरातल्या रुग्णांवरून उघड झालं, त्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आपण अजून थांबवलेली नाही. पोटातल्या प्रकाराचं नातं छातीतल्याइतकं घट्ट नाही, अनेकांच्या आयुष्यात ते तंतू सापडतही नाहीत, तरी तंतू शरीरात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षं जातात. आज पत्रे कापणारा तरुण कामगार तेव्हा म्हातारा झालेला असेल.

गूल्ड यांनी ‘नॅचरल हिस्टरी’ मासिकातलं आपलं सदर १९७४ ते २००१ या काळात, आजारपणाच्या महिन्यांतही, एकदाही न चुकवता लिहिलं. त्याचे ३०० निबंध झाले. मार्च २००२मध्ये उत्क्रांतीच्या सिद्धान्तावरचा त्यांचा चौदाशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला. २० मे २००२ रोजी ते न्यूयॉर्कमधल्या घरी वारले. निदानाला वीस वर्षं व्हायला दोन महिने उरले होते. मृत्यू फुप्फुसातून मेंदूपर्यंत पसरलेल्या एका वेगळ्याच कर्करोगानं झाला. पोटाच्या अस्तरातल्या रोगाशी त्याचा संबंध नव्हता.